एका तारेतल्या दोन भाषा

दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणारे लोक दिल्लीपासून सुरुवात करतात, म्हणजे १५ सप्टेंबर १९५९ पासून. मराठी माणूस लिहायला बसला तर तो २ ऑक्टोबर १९७२ ही तारीख सांगतो, मुंबई केंद्र सुरू झाले तो दिवस. आम्हा आदिलाबादकरांचा इतिहास या दोन्ही तारखांना सुरू होत नाही. तो गच्चीवरून खिडकीच्या चौकटीतून घरात उतरणाऱ्या एका काळ्या तारेपासून सुरू होतो. त्या तारेतून काय आले, कोणत्या भाषेत आले, आणि एकाच वेळी दोन भाषा येऊ शकतात की नाही, या प्रश्नावर गेली चाळीस वर्षे आमच्या घरात वाद झाले आहेत. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरांतही झाले असतील. त्याची हकीकत कोणी लिहून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी आमचे ठिकाण सांगते. आदिलाबाद जुन्या हैदराबाद संस्थानातले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा महाराष्ट्राच्या बाजूला गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनद, तामसी, तिकडे बोथ, आणि पश्चिमेला मुधोळ-भैंसा या पट्ट्यातली मराठी मात्र उठून कुठे जाणार? ती जिथल्या तिथे राहिली. शाळेत तेलुगू, कचेरीत तेलुगू, बाजारात उर्दूमिश्रित हिंदी, डोंगरात गोंडी नि कोलामी, आणि चुलीपाशी मराठी, असा आमचा कारभार. २०१४ मध्ये राज्य तेलंगणा झाले, २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी चुलीपाशी काही बदल नाही. आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००. पाहुणे नागपूर-यवतमाळकडचे, सातबाऱ्याचे काम मात्र हैदराबादच्या हुकुमाने. हा पेच पुढे तारेतही शिरला.

मी पांढरकवड्याची. लग्न होऊन १९७९ साली आदिलाबादला आले. सासरे एका जिनिंग फॅक्टरीत हिशेब लिहीत, शिवाय बेल्याकडे थोडी कापसाची शेती. घरात रेडिओ होता आणि त्याचा काटा कायम नागपूरवर. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ सालचे. मध्यम लहरींना राज्याची हद्द कळत नाही, त्यामुळे संध्याकाळी मराठी बातम्या आमच्या ओसरीवर अगदी स्वच्छ येत. पुढे १९८६ मध्ये आदिलाबादलाच आकाशवाणीचे स्थानिक केंद्र निघाले. तेलुगूबरोबर गोंडीसारख्या आदिवासी भाषांना तिथे जागा मिळाली ही त्या केंद्राची मोठीच कामगिरी. पण तोवर लोकांचे कान डोळ्यांच्या मागे निघून गेले होते.

डोळ्यांची गोष्ट १९७५ ला सुरू झाली, आणि ती आम्हाला वगळून झाली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसवले गेले. बारीक जाळीची दहा फुटी छत्री आणि त्याखाली संच, असा सरंजाम. आंध्र प्रदेश त्या सहांत होता. पण निवडलेली खेडी हैदराबाद, मेदक, महबूबनगर आणि कर्नूल या जिल्ह्यांतली. महाराष्ट्र तर त्या सहांत नव्हताच. प्रयोगाच्या भाषा चार होत्या: हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. म्हणजे आम्ही राज्याने आंध्रचे असूनही सुटलो आणि भाषेने मराठी असल्याने दुसऱ्यांदा सुटलो.

तरी त्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उपग्रहावरून चित्र एकच येई, पण त्याच्या सोबत आवाजाच्या वाटा दोन असत. आंध्र आणि कर्नाटकातल्या खेड्यांना एकच चित्र दाखवून आवाज इकडे तेलुगू नि तिकडे कन्नड देता येत असे. एका लहरीवर दोन भाषा सुखाने नांदू शकतात, हे इंजिनिअर लोकांनी १९७५ सालीच दाखवून दिले होते. पुढे आमच्या घरांपर्यंत जे पोचले त्यात ही सोय नव्हती.

२३ ऑक्टोबर १९७७ ला हैदराबाद केंद्र सुरू झाले. पण त्या मनोऱ्याची चित्रलहर आदिलाबादपर्यंत येणे शक्य नव्हते. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून लांब जातात. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाखाली गेल्या की संपल्या. ही अडचण उपग्रहानेच सोडवली. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला, आणि १९८४ साली तर काही महिने देशात रोज एक या गतीने लहान शक्तीचे ट्रान्समीटर उभे राहिले. उपग्रहावरून कार्यक्रम उतरवायचा आणि आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत वाटायचा. ‘हम लोग’ जुलै १९८४ मध्ये सुरू झाली, ‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये. हिंदीपुरते आम्ही साऱ्या देशाच्या पंक्तीला बसलो.

प्रादेशिक वेळ सुरू झाली की मात्र पंगत मोडे. आंध्रातला ट्रान्समीटर हैदराबादला जोडलेला, महाराष्ट्रातला मुंबईला. मग नदीकाठच्या गावांतून गच्चीवर एकाऐवजी दोन अँटेना दिसू लागल्या, एकीचे तोंड आदिलाबादकडे आणि दुसरीचे पैनगंगेपलीकडे. बेल्याला आमच्या चुलतसासऱ्यांच्या घरी एकच अँटेना होती, पण तिच्या लोखंडी नळीला त्यांनी विटीसारखा आडवा दांडा बसवून घेतला होता. संध्याकाळी पोरगा वर चढून दांडा फिरवी आणि खालून ओरडा होई, “आलं, आलं! आता हालू नको!” मुंग्या-मुंग्यांच्या पडद्यावर मराठी बातम्या देणारीचे अर्धे तोंड दिसे. त्या अर्ध्या तोंडासाठी केवढी ती धडपड! पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे खोटे वाटेल.

याच सुमारास घरात व्हीसीआर आला. आमचा १९८८ चा. धाकट्या दिरांच्या लग्नात घेतला. या यंत्राची एक खुबी त्या वेळी आम्हाला सहज वाटली, तिची किंमत पुढे कळली. अँटेनाची तार आधी व्हीसीआरच्या पाठीत शिरे आणि तिथून दुसरी तार टीव्हीत जाई. व्हीसीआर वरून आलेले सगळे तसेच पुढे सोडून देई, आणि एका रिकाम्या चॅनेलवर स्वतःच्या टेपेचे चित्र घाली. चॅनेल निवडणारे यंत्र, ज्याला ट्यूनर म्हणतात, ते व्हीसीआरमध्ये एक आणि टीव्हीमध्ये दुसरे. त्यामुळे तार एकच असूनही टेपवर एक कार्यक्रम उतरवता येई आणि पडद्यावर दुसरा पाहता येई. यासाठी तारेत एकापेक्षा जास्त चॅनेल असायला हवेत एवढेच. आणि ते पुढच्या चार-पाच वर्षांत आले.

धाकटी जाऊ मंचेरियालची, घरची तेलुगू. मी सासऱ्यांना मामंजी म्हणे, ती मामय्या म्हणे. दोन्ही हाकांना ते सारखीच ओ देत. तिला पहिले वर्षभर मराठी येत नव्हते आणि मला तेलुगू बाजारापुरतेच. आमचे बोलणे भांड्यांच्या नावांनी नि हातवाऱ्यांनी चाले. संध्याकाळी टीव्ही कोणाचा, हा प्रश्न मात्र हातवाऱ्यांनी सुटणारा नव्हता.

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले आणि मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या गच्च्यांवर थाळ्या चढल्या. त्याच वर्षी स्टार टीव्ही एशियासॅट-१ वरून दिसू लागला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आला, १९९३ मध्ये सन, १९९५ मध्ये जेमिनी आणि ऑगस्टमध्ये ई-टीव्ही. आमच्या गल्लीतला केबलवाला आधी व्हीसीआरवर तेलुगू सिनेमे लावून ते तारेने घराघरांत सोडत असे. त्याने गच्चीवर बारा फुटी थाळी बसवली आणि खांबा-खांबावरून, कडुनिंबाच्या फांद्यांवरून, दर काही घरांमागे एक ॲम्प्लिफायर टांगत, तार साऱ्या मोहल्ल्यात फिरवली. केंद्र सरकारने १९९४ च्या वटहुकमाने आणि मग १९९५ च्या कायद्याने या धंद्याला नियमात आणले, तोवर आमच्या भागातले जाळे विणून झालेही होते.

इथे थोडे थांबून त्या तारेत जागा किती होती ते सांगायला हवे, कारण भाषेचे सगळे राजकारण त्या जागेत आहे. जुन्या संचांना आठ किंवा बारा बटणे असत, आणि ते संच ज्या पट्ट्यात स्वच्छ पकडत त्यात जेमतेम डझनभर वाहिन्या बसत. त्यापलीकडच्या जागांवर घातलेली वाहिनी फक्त नव्या, महागड्या संचांना दिसे. मग त्या डझनात कोण बसणार? हिंदी चार, तेलुगू चार, एक इंग्रजी, एक सिनेमाची केबलवाल्याची स्वतःची, दोन दूरदर्शनच्या. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली होती. तीच पुढे २००० मध्ये ‘सह्याद्री’ झाली. तिच्यासाठी जागा मागायला आमच्या मामंजींसह गल्लीतली सहा-सात मंडळी केबलवाल्याकडे गेली. केबलवाला भला माणूस. “साब, तुमचे तीस घर, त्यांचे दोनशे,” म्हणाला. हिशेब चुकीचा नव्हता. शेवटी त्याने दिवसा मराठी आणि रात्री आठनंतर तेलुगू, अशी एकाच जागेची वाटणी करून दिली. पाटाच्या पाण्याची पाळी लावतात तशी.

२००० साली कायद्यात दुरुस्ती झाली. केबलवाल्याने दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या आणि राज्याच्या प्रादेशिक भाषेची एक वाहिनी चांगल्या पट्ट्यात दाखवलीच पाहिजे, असे ठरले. कायदा करणाऱ्यांचा हेतू उत्तमच होता. खासगी वाहिन्यांच्या गर्दीत देशी भाषा बुडू नयेत. पण ‘राज्याची भाषा’ म्हटले की आंध्रात ती तेलुगू असणार हे उघड. एका राज्यात एकच भाषा राहते असे गृहीत धरून जे जे लिहिले जाते, त्यात सीमेवरची घरे कशी विसरली जातात याचे इतके साधे उदाहरण दुसरे नसेल. केरामेरीच्या डोंगरावर परांडोली, मुकदमगुडा अशी डझनभर गावे आहेत. तिथले लोक दोन्ही राज्यांच्या याद्यांत आहेत आणि दोन्हीकडे मत देतात. त्यांच्या प्रादेशिक वाहिनीचे काय करायचे, हे कलमात नाही.

आणि त्याच वर्षी गंमत झाली. जुलै २००० मध्ये ई-टीव्ही मराठी सुरू झाली, आणि तिचा कारभार चाले हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. ज्या हैदराबादेतून आजवर आमच्याकडे तेलुगू हुकूम आले, तिथूनच आता मराठी बातम्या आणि मालिका आकाशात जाऊन आमच्या गल्लीत उतरू लागल्या. झीची अल्फा मराठी आधीच्या वर्षी, १९९९ मध्ये आली होती. तोवर बहुतेकांचे संच नवे झाले होते, तारेत पन्नास-साठ वाहिन्या मावू लागल्या होत्या, आणि जागेचे भांडण आपोआप मिटले. (ई-टीव्ही मराठीचे २०१५ मध्ये ‘कलर्स मराठी’ झाले.)

माझ्या मते १९९५ ते २००५ हा आमच्यासारख्या घरांचा सर्वांत सुखाचा काळ. तार एक, तीत सगळ्या वाहिन्या एकाच वेळी हजर. पहाटे मामंजी ई-टीव्हीवरचा तेलुगू ‘अन्नदाता’ पाहत आणि दुसऱ्या वेळी सह्याद्रीवरचे ‘आमची माती, आमची माणसं’. बोंडअळीवरचा उपाय दोन्हीकडून तपासून घेत. तेलुगूतला उपाय मराठीत वहीत लिहून ठेवत. संध्याकाळी जाऊबाईंची तेलुगू मालिका पडद्यावर चाले आणि त्याच वेळी व्हीसीआर माझा मराठी कार्यक्रम टेपवर उतरवी. कोणाला कोणासाठी उठावे लागत नसे. अर्थात वीज गेली की व्हीसीआरचे घड्याळ बाराशून्यशून्यवर लुकलुकू लागे आणि लावलेले रेकॉर्डिंग बोंबले. उन्हाळ्यात तर महिन्यातून दहा दिवस हेच.

मग छोट्या थाळ्या आल्या. डिश टीव्ही २००३ च्या ऑक्टोबरात, दूरदर्शनची फुकट सेवा डिसेंबर २००४ मध्ये, टाटा स्काय २००६ मध्ये, मागोमाग आणखी चार-पाच. केबलवाल्याची मिनतवारी संपली, चित्र काचेसारखे, आणि आंध्रात बसून महाराष्ट्रातल्या सगळ्या वाहिन्या. आमच्या गल्लीत लोकांना एकाच गोष्टीचे नवल वाटे की मराठी पाहण्यासाठी बसवलेली थाळी तोंड करून असते दक्षिणेला, हैदराबादकडे! उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. उत्तर गोलार्धातली प्रत्येक थाळी दक्षिणेकडेच झुकणार. हे मी शाळेत भूगोल शिकवताना दरवर्षी सांगत असे. तरी एका पालकांनी विचारलेच, “बाई, नागपूरकडे केली तर मराठी जास्त येईल का?”

आम्ही २००९ मध्ये थाळी घेतली आणि तिच्यासोबत रेकॉर्ड करणारा डबा. टेप नाही, आत संगणकासारखी तबकडी. असे दोन ट्यूनरचे डबे तेव्हा नुकतेच बाजारात आले होते. एक पाहा, दुसरे उतरवा. व्हीसीआर नुकताच बिघडला होता आणि जाऊबाईंचे व माझे पुन्हा आठ वाजताचे भांडण व्हायची लक्षणे होती, म्हणून हा खर्च. कंपनीचा मुलगा आला, त्याच्याकडे एकाच तारेचे सामान होते. भिंतीला दुसरे भोक पाडायला मामंजी तयार नव्हते. त्याने एक तार आणली, आत दुभागणी लावली, दोन टोके डब्यात खोचली आणि निघून गेला.

त्या रात्रीपासून विचित्र प्रकार. काही जोड्या जमत, काही जमत नसत. एक मराठी पाहताना अमुक तेलुगू बिनबोभाट उतरे. दुसरी तेलुगू लावली की मराठीच्या जागी काळा पडदा आणि ‘सिग्नल नाही’. सासूबाई म्हणाल्या, “या दोघींचं वाकडं दिसतंय.” कारण महिन्याभराने कळले, आमच्या भाच्याकडून, तो हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात आहे.

तो सांगत होता ते असे. उपग्रहावरच्या लहरी दोन प्रकारच्या, उभ्या आणि आडव्या. थाळीच्या तोंडाशी असलेली एलएनबी एका वेळी त्यांतला एकच प्रकार तारेत सोडते. कोणता सोडायचा हे घरातला डबा ठरवतो. १३ व्होल्ट पाठवले तर उभा, १८ पाठवले तर आडवा. पाटाला दोन कालवे मिळतात पण दार एकच, तसे. दोन्ही ट्यूनरना उभ्या लहरींवरच्या वाहिन्या हव्या असतील तर एका तारेत भागते. एकाला उभी नि दुसऱ्याला आडवी हवी झाली की ज्याचे व्होल्ट चढे, त्याचे पाणी. केबलच्या तारेत सगळे एकदम येत असे. थाळीच्या तारेत अर्धेच येते. १९८८ चा व्हीसीआर जे सहज करी, ते वीस वर्षांनंतरचा डबा एका तारेवर करू शकत नव्हता.

यावर उपाय नव्हता असे नाही. युरोपात जुन्या घरांत नवी तार ओढणे महाग, त्यामुळे तिथे हा प्रश्न आधी सोडवला गेला. एक जुना मार्ग म्हणजे उभ्या लहरींवरच तारेत आडव्या लहरी, वरच्या कंपनसंख्येला ढकलून, थरासारख्या रचायच्या आणि घरात उतरवून घ्यायच्या. दुसरा जास्त हुशारीचा, त्याचे युरोपीय मानक २००७ मध्ये ठरले. त्यात तारेवर प्रत्येक ट्यूनरला एक ठरलेली जागा असते, आरक्षण केलेल्या बसमधल्या आसनासारखी. ट्यूनरला वाहिनी हवी झाली की तो क्षणभर १८ व्होल्ट करून तारेवरूनच वर निरोप धाडतो, “अमुक लहर माझ्या तिसऱ्या जागेवर आणून बसव,” आणि पुन्हा १३ वर येऊन गप्प होतो. वरची एलएनबी उभी-आडवी जी असेल ती लहर उचलते, तिची कंपनसंख्या बदलते आणि त्या जागेवर बसवते. पहिल्या मानकात एका तारेवर अशा आठ जागा होत्या. २०१३ च्या सुमारास आलेल्या पुढच्यात बत्तीस. आठ ट्यूनर, आठ वेगळ्या वाहिन्या, तार एकच. १९७५ च्या त्या दोन आवाजांची मला लगेच आठवण झाली.

अट एकच, घरातल्या डब्याला ती बोली यायला हवी. आमच्या डब्याला येत नव्हती. फोनवर विचारले तेव्हा पलीकडच्या मुलीने दुसरी तार ओढून घ्या म्हटले. अखेर मामंजींनी परवानगी दिली, भिंतीला दुसरे भोक पडले, दोन तोंडांची एलएनबी बसली आणि घरात दोन तारा झाल्या. बहुतेकांनी हेच केले असेल. आपल्याकडे तार स्वस्त, भिंत आपलीच.

तारांचा प्रश्न सुटला तेव्हा एक वेगळी गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. पडद्यावर प्रत्यक्ष चालणारी वाहिनी हळूहळू कायमची तेलुगू झाली, आणि मराठी कायमची रेकॉर्डिंगमध्ये गेली. कोणी ठरवले नव्हते. मुले तेलुगू-इंग्रजी शाळांत जाणारी, दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांना कालच्या तेलुगू कार्यक्रमावर बोलायचे असे. ते ताजेच हवे. मराठी काय, रात्री अकराला पाहिली तरी चालते! मग अकराला मी आणि सासूबाई दोघीच पाहणार, आवाज बारीक करून, कारण मुले झोपलेली. कार्यक्रम तोच आणि चित्रही तितकेच स्वच्छ होते. पण मुलांच्या कानावर पडायची ती वेळ निघून गेलेली. अँटेनाचा दांडा फिरवून अर्धे तोंड पाहायचो तेव्हा सगळे घर जागे असे. हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. माझी सातवी-आठवीतली मुलगी मराठी बोले, पण ‘पाणी पिऊन ये’ या वाक्याला ‘वस्तुन्ना’ म्हणून उत्तर देई, तेव्हा यंत्रात बघावे की शाळेत, हे मला ठरवता येत नसे.

पुढची परीक्षा पैशाची. शहरी भागातल्या जुन्या केबलसाठी ३१ डिसेंबर २०१५ आणि खेड्यांसाठी ३१ मार्च २०१७ अशा मुदती होत्या. त्या मागेपुढे होत सगळेच डब्यावर आले. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा नवा नियम. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जागेचे १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यावर ज्या विकतच्या वाहिन्या घ्याल त्यांची किंमत वेगळी. मोठ्या वाहिन्यांनी बहुतेक १९ रुपयांचा आकडा धरला. कंपन्यांनी भाषेप्रमाणे गठ्ठे बांधले, मराठीचा वेगळा आणि तेलुगूचा वेगळा. एकभाषी घराला सोयीचे. आमच्यासारख्यांना मात्र दोन्ही गठ्ठे घ्यायचे तर महिन्याचा आकडा सरळ चढतो. मामंजी तेव्हा हयात नव्हते. दीर वहीवर बेरीज घेऊन बसले आणि त्यांनी मराठीच्या गठ्ठ्यावर आडवी रेघ मारली. म्हणाले, “सह्याद्री फुकट आहेच की.”

मी काही बोलण्याआधी जाऊबाई बोलल्या. तीस वर्षांत त्या मराठी शिकल्या होत्या त्या आम्हा कोणाकडून नव्हे. दुपारच्या पुनःप्रक्षेपणात मालिका पाहून, ऐकून. “मग अत्तय्या दुपारी काय पाहणार? आणि मी?” त्यांनी विचारले. शेवटी खेळाच्या वाहिन्या गेल्या आणि दोन्ही गठ्ठे राहिले. दीर महिनाभर शेजारी जाऊन क्रिकेट पाहत होते.

आता आमच्या घरी थाळी आहे, पण तिच्या दोन तारांपैकी एकच डब्यात लावलेली असते. मुले फोनवर पाहतात. प्रत्येकाची वाहिनी वेगळी, वेळ वेगळी. त्या २००९ च्या रेकॉर्डिंगच्या डब्याची सेवा बंद केली तेव्हा आतले उतरवलेले कार्यक्रम उघडता येईनात. ते त्या डब्याशी नि वर्गणीशी बांधलेले होते. पाच-सहा वर्षांची मराठी त्यात होती.

व्हीसीआरच्या टेपांचे तसे झाले नाही. जपानच्या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, पण टेपा कपाटात राहिल्या. त्यांतल्या एकीच्या कडेची प्लास्टिकची टिकली मामंजींनी मोडून टाकली होती, म्हणजे तिच्यावर कोणी दुसरे उतरवू नये. बुरशी पुसून भाच्याने ती गेल्या वर्षी हैदराबादला संगणकावर चढवून आणली. पहिला तासभर ‘आमची माती’मधला कापसावरचा एक भाग आणि मराठी बातम्या आहेत. मग मुंग्या येतात, आणि खालून आधीचे, न पुसले गेलेले काही निघते. जाऊबाईंच्या माहेरच्या एका लग्नाची शेवटची वीस मिनिटे, आणि त्यात मांडवाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना तेलुगूत “रंडी, रंडी” म्हणत आत बोलावणारे मामंजी. सासूबाईंनी ती फीत तीनदा लावायला सांगितली.